खालचं ऊन

मंथन ठोसर दोन नमुने घेऊन आला,
वहीएवढे, ॲल्युमिनियमच्या चौकटीतले.
ओटीवर मांडले.
एक काळा, विहिरीत वाकून पाहावं तसा एकसंध.
एक निळा, आतून तडे गेलेला,
जणू कुणी बर्फाच्या लादीवर हातोडी हाणली
आणि तुकडे जागच्या जागी राहिले.

हा मोनो, तो पॉली, मंथन म्हणाला.
काळा एकाच स्फटिकातून, सावकाश ओढून काढलेला.
निळा वितळवून साच्यात ओततात, भराभर गोठतो,
म्हणून इतके सांधे.
सांध्याशी वीज अडखळते.
जुना माल शिल्लक आहे, स्वस्तात लावून देतो.

हे मला नवीन नव्हतं.
घणसोलीच्या खाडीवर माझ्या बापानं
तीस हंगाम मीठ ओढलं.
म्हणायचा, सावकाश धरला तर दाना हरभऱ्यावानी.
घाईचा मीठ बारीक, नि कडू.
त्या कोंड्यांवरून आता रस्ता जातो,
आणि खाजणाला सेक्टरचा नंबर आहे.

गच्ची मोजली. सव्वीस बाय अठरा.
टाकी गेली, जिन्याचं डोकं गेलं.
पश्चिमेला बावीस मजल्यांचा टॉवर,
तीन वाजले की कठड्यावर पाय टाकतो.
तो प्लॉट साडेबारा टक्क्यांत आम्हालाच मिळालेला,
आम्हीच विकला.
सावलीचं तेव्हा कुणी काही लिहून घेतलं नाही.

जागा कमी, तर काळाच घ्या, मंथन म्हणाला.

आय सूप घेऊन आली, सुपात जवळा.
तिला आता फार दिसत नाही.
दोन्हींवरून तिनं तळहात फिरवला.
काच तं सारखीच हाय, म्हणाली.
नि जवला कुठं सुकवू?

याचं उत्तर कॅटलॉगात नव्हतं.
मंथननं बॅगेतून तिसरा कागद काढला.
बायफेशियल. दोन तोंडांचं.
उंच स्टँडवर बसवायचं, खाली गच्ची पांढरी रंगवायची.
वरचं तोंड वरचं ऊन खातं,
खालचं, फरशीवरून उसळलेलं.
पॅनेलांच्या मधून थोडं खालीही उतरतं, आजी,
जवळ्याला तेवढं पुरेल.
वीस हजार जास्त पडतील.

खालून कधी ऊन लागतं का, बायको हसली.

मी हसलो नाही.
बापाच्या डोक्यावर फडकं असायचं,
कपाळ सावलीत.
सोललेली असायची ती हनुवटीची खालची बाजू,
नाकपुड्यांच्या कडा,
कानाच्या पाळीचा आतला भाग.
ठाण्याच्या डॉक्टरनं एकदा विचारलं होतं,
भट्टीवर कामाला आहात का?
नाय, मिठावर.
रात्री आय वाटीत खोबरेल घेऊन बसायची.
मान वर कर, म्हणायची,
आणि तो छपराकडे बघत राहायचा,
तेल लावून होईपर्यंत, नंतरही थोडा वेळ.

फॉर्म भरायला घेतला.
मीटर कुणाच्या नावावर?
मी बिल पुढे केलं.
धाया जोमा मढवी.
वारून अकरा वर्षं झाली.
घर गरजेपोटी बांधलेलं,
कागद काही सिडकोत, काही कोर्टात,
एवढं बिल तेवढं दर महिन्याला
न चुकता त्याला शोधत येतं.
आधी नाव बदलून घ्या, मंथन म्हणाला,
मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दोन फोटो.
मगच नेट मीटर.

तो गेला. नमुने ओटीवरच राहिले.
मी काही ठरवलं नाही, असं बायकोला सांगितलं.

पंपाच्या खोलीत अर्धी बादली चुना होता.
दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीचा एक कोपरा रंगवला,
चटईएवढा.
बाराला वर गेलो. डोक्यावर फडकं घेतलं.
उभा राहिलो त्या पांढऱ्यावर.

आधी काही नाही.
मग हनुवटीखाली, गळ्याच्या घाटीशी,
कुणी तळहात धरावा तसं.

आय जिन्यातून ओरडली,
चपला घाल रं, पाय भाजतील.